सरमेचा प्रश्न

वाघाचं कातडं हुंगून काढायला शिकवलेला कुत्रा कातडं नसताना खाली बसला, तर त्याचं काय करायचं? रामटेक आणि पारशिवनी तालुक्यांत पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या कडेनं जी गावं आहेत, तिथं त्या बसण्याचा अर्थ कुणाच्या तरी घराची झडती असा होऊ शकतो. म्हणून हा प्रश्न फक्त कुत्रं शिकवणाऱ्यांवर सोडून देता येत नाही.

खालच्या संवादातली दोन माणसं मी कल्पनेनं उभी केली आहेत. मामाजी रामटेकच्या शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, गडाच्या पायथ्याशी राहणारे. भाची वनखात्यात वनरक्षक, नुकतीच डॉग हॅण्डलर झालेली. तिच्याकडचा शेरू सव्वा वर्षाचा जर्मन शेफर्ड. अडचण मात्र खरी आहे. ट्रॅफिक आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या संस्थांनी २००८ मध्ये वन्यजीव गुन्ह्यांसाठी कुत्री तयार करायला सुरुवात केली. पहिली कुत्री भोपाळला शिकली, पुढं पंचकुल्याच्या इंडो-तिबेटन बॉर्डर पोलिसांच्या केंद्रात प्रशिक्षण सुरू झालं. महाराष्ट्राच्या वनखात्याकडंही अशी कुत्री आली. कोर्स संपला म्हणजे शिक्षण संपलं असं होत नाही. रोजचा सराव चुकला की कुत्रं बिघडतं, आणि सराव चुकीचा झाला तर त्याहून लवकर बिघडतं.

भाची : मामाजी, शेरू फॉल्स देऊन राहिला.

मामाजी : म्हणजे काय करतो?

भाची : डब्यांची रांग असते नं. लाकडी डबे, झाकणाला भोकं पाडलेली. एका डब्यात कातड्याचा नाहीतर हाडाचा नमुना. बाकीच्यांत काहीबाही, बकरीचं हाड, जुनी चप्पल, कापूस, पोळीचा तुकडा. त्यानं हुंगत जायचं आणि नमुन्याच्या डब्यापाशी बसायचं. बसला की चेंडू. त्याचा सगळा जीव त्या चेंडूत. आता तो कुठंही बसतो. बकरीच्या हाडापाशी बसतो, रिकाम्या डब्यापाशी बसतो.

मामाजी : आणि बसून?

भाची : माझ्याकडं पाहतो.

मामाजी : खरा बसतो तेव्हाही पाहतोच असेल.

भाची : तेव्हा आधी डब्याकडं पाहतो. खऱ्या वेळी काय होतं, सांगते. चालता चालता एकदम मान मागं वळते, जणू कुणी नाकाला धरून ओढलं. तोंड मिटतं. जीभ बाहेर लोंबत असेल तर आत जाते, कारण तोंड उघडं ठेवून बारीक हुंगता येत नाही. श्वास जलद होतो, फुसफुस ऐकू येते. शेपटी ताठ. डब्याच्या या कडेला, त्या कडेला, मग पुन्हा मधे. आणि मग बसणं, धाडकन, नाक डब्यावरच. खोट्या वेळी यातलं काहीच नाही. तोंड उघडं, जीभ बाहेर, डोळे माझ्यावर, आणि हळूच मागचे पाय दुमडतात. अर्धा बसतो आणि थांबतो. मी थांबले की पुरा बसतो.

मामाजी : तुझे उस्ताद काय म्हणतात?

भाची : एक म्हणतात, पट्ट्याला झटका दे. खोटा बसला की चोक चेन आवळ, दोन-चारदा झालं की अक्कल येते. दुसरे म्हणतात, काहीच करू नको, पाहूच नको त्याच्याकडं, पुढं चालत राहा.

मामाजी : पहिल्या उस्तादांच्या बाजूनं इंद्र उभा आहे, बेटा. सरमा माहीत आहे?

भाची : इंद्राची कुत्री. पणींनी चोरलेल्या गाई तिनं शोधल्या.

मामाजी : ऋग्वेदात तेवढंच. तिथं ती पणींच्या लालचीला भीक घालत नाही. पण बृहद्देवतेत गोष्ट पुढं जाते. पणी म्हणाले, आमच्यात राहा, वाटा घे. तिनं वाटा नाही घेतला, पण दूध मागितलं. दूध प्याली, रसा नदी ओलांडून परत आली. इंद्रानं विचारलं, गाई दिसल्या का? ती म्हणाली, नाही. इंद्रानं लाथ मारली. तिनं दूध ओकलं, आणि थरथरत पुन्हा पणींच्या दिशेनं निघाली. इंद्र तिच्या मागावर गेला आणि गाई सोडवून आणल्या. शोधाच्या कामावर नेमलेल्या कुत्रीनं खोटी बातमी दिली, मार खाल्ला, आणि काम झालं. इतकी जुनी नोंद तुझ्या उस्तादांना मिळाली तर ते खूश होतील.

भाची : पण मामाजी, तिच्या पोटात दूध होतं. तिला खरं माहीत होतं आणि ती वेगळं बोलली. शेरूच्या पोटात काय आहे?

मामाजी : तेच तर विचारतो. त्याला माहीत आहे का, की तिथं कातडं नाही?

भाची : नाक असं आहे की माहीत असणारच. पण मी त्याला काय विचारते आणि त्याला काय ऐकू येतं, याचीच मला आता शंका यायला लागली. नमुना माझा जोडीदार ठेवतो आणि मी पाहत असते. कोणता डबा ते मला माहीत असतं. त्या डब्याजवळ आलं की माझं पाऊल मंद होत असणार. पट्टा हातात किंचित ताणला जात असणार. मी श्वास धरत असेन, कोण जाणे. शेरूनं ते सगळं वाचलं. मग कातड्याचा वास शोधण्यापेक्षा माझं पाऊल कुठं मंदावतं ते शोधणं सोपं. आणि चेंडू तर मीच देते.

मामाजी : म्हणजे तू विचारतेस, कातडं कुठं आहे. त्याला ऐकू येतं, मी कुठं बसलेलं हिला हवं आहे.

भाची : आणि त्याचं उत्तर तो बरोबरच देतो.

हे भाचीच्या मनाचे खेळ नाहीत. जर्मनीत शतकापूर्वी हान्स नावाचा एक घोडा खुरानं टापा मारून बेरजा-वजाबाक्या सांगत असे. ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकानं १९०७ मध्ये दाखवून दिलं, की विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर घोड्यालाही येत नाही. टापांचा आकडा उत्तरापर्यंत पोचला की समोरच्या माणसाचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि घोडा थांबायचा. मालकाची फसवणूक नव्हती, त्याला स्वतःलाही पत्ता नव्हता. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी शोधकुत्री आणि त्यांचे हॅण्डलर अशा १८ जोड्यांची परीक्षा घेतली. खोल्यांत कुठंही नमुना नव्हता, पण काही ठिकाणी कागदाची खूण लावून हॅण्डलरना सांगितलं होतं की तिथं वास आहे. बहुतेक फेऱ्यांत कुत्र्यानं काहीतरी सापडल्याची खूण दिलीच, असं हॅण्डलरनी कळवलं. आणि माणसांना दाखवलेल्या कागदांपाशी अशा खुणा जास्त झाल्या.

मामाजी : मग महाभारताच्या सुरुवातीची सरमा घे. जनमेजय भावांसह कुरुक्षेत्रावर सत्र करतो आहे. तिथं सरमेचं पिल्लू येतं. भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडं जातं. आई म्हणते, काहीतरी केलं असशील. ते म्हणतं, हविष्याला तोंड लावलं नाही, त्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा सरमा सरळ यज्ञमंडपात जाऊन विचारते, याचा काही अपराध नसता याला मारलं काहून? राजे गप्प. एकाला उत्तर देता येत नाही. मग ती शाप देते, ध्यानीमनी नसताना तुमच्यावर भय कोसळेल.

भाची : म्हणजे इंद्राची सरमा की जनमेजयाची, एवढं ठरवायचं.

मामाजी : तू ठरवून टाकलंस असं दिसतं.

भाची : हो. चूक माझी आहे, त्याची नाही.

मामाजी : थांब. हे म्हणताना तुला जरा बरं वाटलं की नाही?

भाची : म्हणजे?

मामाजी : दोष स्वतःवर घेतला की मन हलकं होतं. पण शेरू उद्या बसायचा तो बसणारच.

इथं मी मामाजींच्या बाजूचा आहे. सवय कुणी लावली आणि ती कशी जाईल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर मिळाल्यानं दुसऱ्याचं मिळत नाही. हॅण्डलरच्या चुकीनं लागलेली सवय चेंडूनं पोसली गेली की ती कुत्र्याची स्वतःची होते, आणि हॅण्डलर सुधारल्यावरही ती राहते. सव्वा वर्ष हे कुत्र्याचं वयही तसंच असतं. अंगात ताकद भरलेली आणि धीर अजून आलेला नसतो. याच वयात गडावरचं माकड दिसलं तर पट्टा हिसकून धावणं, चेंडूसाठी भुंकणं, हॅण्डलरची नस ओळखणं हे सगळं एकदम उफाळून येतं.

भाची : मग झटका देऊ?

मामाजी : मी देणारा असतो तर तू मला काय सांगितलं असतंस?

भाची : झटक्यानं काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. कॉनराड मोस्ट नावाच्या जर्मन पोलीस अधिकाऱ्यानं १९१० मध्ये कुत्र्यांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं. त्यात सक्ती भरपूर आहे, आणि त्या पद्धतीनं तयार झालेल्या कुत्र्यांनी कामं केली. दुखलं की जीव शिकतो. पण काय शिकतो, ते आपल्या हातात नसतं. मी झटका देते तो खोटं सांगितल्याबद्दल. शेरूला कळतं एवढंच, की डब्यापाशी बसलो आणि गळा आवळला. दुसऱ्या दिवशी तो खोटा बसत नाही. खराही बसत नाही. कातड्यापाशी मान वळते, तोंड मिटतं, आणि तो माझ्याकडं चोरून पाहून पुढं निघतो. उस्ताद म्हणतील, बघ, फॉल्स गेला. आणि खरंच गेलेला असेल. सोबत बाकी सगळंही गेलेलं असेल.

मामाजी : आपल्या रामगिरीवरचा यक्ष असाच आहे. कुबेराच्या चाकरीत चुकला म्हणून वर्षभर इथं धाडला. मिराशींसारख्या अभ्यासकांनी रामगिरी म्हणजे रामटेक हे इतक्या जोरानं मांडलं, की आता गडावर कालिदासाचं स्मारक आहे. मी वर्षानुवर्षं मेघदूत शिकवलं. त्या सबंध काव्यात यक्षाला आपल्या चुकलेल्या कामाची आठवण येत नाही. अलकानगरी आठवते, घर आठवतं, बायको आठवते. कुबेराला वाटत असेल, चाकर सुधारतो आहे. चाकराचं सगळं चित्त हरवलेल्या गोष्टीत. काम त्यात कुठंच नाही.

भाची : आणि वास ओळखणं आधीच बारीक काम. पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेत एका कुत्र्याला वर्तुळ दिसलं की खायला मिळायचं, लंबगोल दिसला की नाही. तो चांगला शिकला. मग लंबगोल हळूहळू वर्तुळासारखा करत नेला. फरक अगदी थोडा उरला तेव्हा तो शांत कुत्रा किंचाळायला लागला, पट्टे चावायला लागला, आणि आधी सहज जमणारंही त्याला जमेना. त्याला कुणी मारलं नव्हतं. नुसतं न कळणारं विचारलं होतं. बकरीचं हाड आणि वाघाचं हाड, वर माझी घाई, वर गळ्याला चेन. मी त्याला कुठं नेऊन उभं करते?

मामाजी : मग दुसऱ्या उस्तादांचं ऐक. दुर्लक्ष कर. अहिंसक आहे.

भाची : पाहणाऱ्याला अहिंसक वाटतं. चेंडू दिला नाही की तो आधी जास्त करतो. बसून भुंकतो, डबा ओरबाडतो, पट्टा चावतो. रडतो, मामाजी. ऐकवत नाही. हे होणारच असतं, सवय मरण्याआधी उसळी मारते. आणि त्या उसळीत मी एकदा जरी पाघळून चेंडू दिला, तर तो शिकतो की पुरेसा वेळ रडलं की मिळतं. मग ती सवय आधीपेक्षा चिवट होते. रोज न चुकता बक्षीस मिळणारी सवय लवकर सुटते, कधी मिळणारी कधी न मिळणारी सुटता सुटत नाही.

मामाजी : म्हणजे चेंडू न देणं हीसुद्धा शिक्षाच.

भाची : आहे.

मामाजी : मग झटक्यात आणि यात फरक काय?

भाची : (थोडं थांबून) झटका दिला की त्याला माझ्याबद्दल काहीतरी कळतं. चेंडू थांबला की डब्याबद्दल. निदान तसं व्हावं, अशी मला आशा आहे.

मामाजी : आशेवर मी गुण देत नाही. पण ठेव ते बाजूला. तू एवढा विचार करतेस तो शेरूसाठी. आता त्या माणसाचा विचार कर, ज्याच्या दारात तो बसेल.

इथपर्यंतचं बोलणं एका कुत्र्याचं आणि एका मुलीचं होतं. मामाजींनी ज्या दाराकडं बोट दाखवलं, ते पारधी बेड्यावरचं, म्हणजे पारध्यांच्या वस्तीतलं दार आहे. तितर-लाव्यांचे फासे लावून पोट भरणाऱ्या या लोकांच्या जमातीला इंग्रजांच्या कायद्यानं जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १८७१ चा. १९५२ मध्ये तो रद्द झाला, तरी गावात चोरी झाली किंवा जंगलात जनावर मेलं की पहिली पावलं अजूनही बेड्याकडं वळतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम ५० नुसार गुन्हा झाला असं मानायला वाजवी कारण असेल तर अधिकाऱ्याला घरात शिरून झडती घेता येते. कलम ५७ म्हणतं, ताब्यात वन्यप्राण्याची वस्तू आहे हे सिद्ध झालं की ती बेकायदा आहे असं गृहीत धरायचं, आणि उलट सिद्ध करायचं ओझं त्या माणसावर. वाघासाठी असे कडक नियम हवेत, याबद्दल माझं दुमत नाही. पण त्या साखळीची पहिली कडी जर चेंडूसाठी दुमडलेले दोन पाय असतील, तर पुढच्या सगळ्या कड्यांचा भार त्यावर येतो.

भाची : कोर्ट कुत्र्याच्या खुणेवर शिक्षा देत नाही, मामाजी.

मामाजी : नाही देत. नागपूरहूनच निघणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरच्या १९७० च्या खंडात महाराष्ट्रातल्याच एका खटल्याचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. एका वकील विद्यार्थ्यानं मला वाचायला दिला होता. कुत्रा पिंजऱ्यात उभा राहून शपथेवर साक्ष देऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही, म्हणून त्याच्या माणसाला त्याच्या वतीनं बोलावं लागतं, हा आक्षेप त्यात नोंदवला आहे. कुत्र्याच्या अंदाजावर माणसाचं आयुष्य आणि स्वातंत्र्य टांगू नये, हाही. आणि शेवटी असं, की हा पुरावा ग्राह्य धरला तरी त्याला फारसं वजन देता येत नाही.

भाची : मग?

मामाजी : मग वजन कोर्टात नाही. पण कोर्ट येतं वर्षानं. त्याआधी गाडी येते, कुत्रा उतरतो, अख्खा बेडा पाहत असताना एका झोपडीपाशी बसतो. आत काही मिळालं नाही तरी त्या घरातल्या पोराला दुसऱ्या दिवशी शाळेत काय ऐकावं लागेल? मी मास्तर होतो, मला माहीत आहे. त्याचं निकालपत्र कुठं छापून येणार?

भाची : आणि तो बसलाच नाही तर? मोटरसायकलच्या क्लच वायरचा फास कुठल्याही दुकानात तयार होतो. शेताच्या कुंपणात वीज सोडून वाघ मारतात. कातडं एकदा गावाबाहेर गेलं की गेलं. शेरू घाबरून पुढं निघून गेला, तर मेलेल्या वाघालाही शाळेत जाणारं पोर असू शकतं, फक्त ते आपल्याला दिसत नाही. तुम्ही एका चुकीचं दुःख पाहिलंत म्हणून दुसरी चूक लहान होत नाही.

मामाजी : (बराच वेळ काही न बोलता) बरोबर आहे. मला वाघाचं पोर आठवलं नव्हतं.

दोन चुकांतली कोणती आधी टाळायची, हा खरा पेच इथं आहे, आणि तो कुत्र्याच्या गळ्यात बांधून सुटत नाही. कुत्र्याला बसायला उत्सुक केलं की खोट्या खुणा वाढतात, बिचकवलं की खऱ्या हुकतात. झटका देणारा हॅण्डलर एक बाजू निवडतो, लाड करणारा दुसरी, आणि बहुतेक वेळा दोघांनाही आपण निवड केली हे माहीत नसतं.

मामाजी : एक सांग. तुझ्या रांगेत नमुना नेहमी असतो?

भाची : असतो. नसला तर तो शोधणार काय?

मामाजी : कधीच रिकामी रांग नसते?

भाची : कोर्समध्ये असायची. इथं आल्यापासून… नाही. वेळ थोडा असतो, साहेब पाहायला उभे असतात. रिकाम्या रांगेत त्यांना काय दाखवणार?

मामाजी : मग शेरूला काय कळलं असेल बघ. प्रत्येक रांगेत कुठंतरी बसायचंच असतं. शेवटच्या डब्यापर्यंत बसलो नाही तर चेंडू बुडाला. मी वर्गात धडा संपवून विचारायचो, समजलं का? सगळी पोरं म्हणायची, हो सर. नाही म्हणणाऱ्याला काय मिळणार होतं? पुन्हा तोच धडा, आणि बाकीच्यांचं हसू. ‘नाही’ला माझ्या वर्गात जागाच नव्हती. तुझ्या रांगेत आहे?

भाची : … नाही.

मामाजी : मग तू त्याला शोधायला शिकवत नाहीस. हो म्हणायला शिकवतेस.

भाची : रिकामी रांग पुरी हुंगून न बसता बाहेर आला की चेंडू द्यायचा. कोर्समध्ये तसंच होतं. पण मामाजी, यातही गोम आहे. न बसताच चेंडू मिळतो म्हटल्यावर तो नाक न लावता रांग संपवेल. मग त्याची ‘नाही’ खोटी होईल.

मामाजी : तर?

भाची : तर रिकाम्या रांगा कधी येतील त्याला कळता कामा नये. आणि मलाही कळता कामा नये. नमुना ठेवणाऱ्यानं ठेवून निघून जायचं, आडोशाला, म्हणजे त्याचंही तोंड आम्हाला दिसायचं नाही. मी आणि शेरू दोघंही आंधळे. तो बसला की मी मोठ्यानं सांगायचं, बसला. मग आडोशाचा माणूस सांगेल खरं की खोटं. खरं असेल तर चेंडू, आणि खोटं असेल तर नुसतं पुढं. डब्यांना लागलेला हाताचा वासही मोडायला हवा. रिकामे डबेही त्याच हातमोज्यांनी हाताळायचे, नाहीतर तो कातडं सोडून हातमोजा शोधेल. आणि सगळं वहीत लिहायचं. खरे, खोटे, हुकलेले, रिकामे.

मामाजी : वही काहून?

भाची : आज शेरू किती वेळा खोटा बसतो, हे मला अंदाजानं माहीत आहे. अंदाजावर कुणाच्या दारात जायचं?

मामाजी : आणि ही वही भरेपर्यंत साहेबांनी बेड्यावर चल म्हटलं तर?

भाची : मी म्हणेन, जंगलात नेते. पाऊलवाटेवर, नाल्याच्या काठानं, पुरून ठेवलेलं कातडं शोधायला. तिथं तो खोटा बसला तर माती उकरायला मला लागेल. घाम माझा जाईल, दुसऱ्या कुणाचं काही जाणार नाही. माणसांच्या दारात अजून नाही.

मामाजी : आणि साहेब म्हणाले, आताच खबर आली आहे, कातडं आज रात्री जाईल?

भाची : खबर पक्की असेल तर झडतीला कुत्रा लागत नाही, कायद्यानं लागणारं कारण खबरीत आहे. खबर कच्ची असेल तर ती पक्की करायला शेरूचं बसणं वापरायचं नाही. तो तेवढा झालेला नाही. मला असं वाटतं. पण रात्री समोर गाडी उभी असेल आणि वाघ मेलेला असेल, तेव्हा मी हेच म्हणेन का, ते मला आज सांगता येत नाही.

मामाजी : ते कुणालाच सांगता येत नाही. आणि वही भरली, आणि शेरू सुधारलाच नाही तर?

भाची : तर तो या कामाचा नाही. परत पाठवतील, नाहीतर चौकीवर राहील.

मामाजी : त्याच्या लेखी ती शिक्षाच झाली की. चेंडू कायमचा गेला.

भाची : चेंडू मी देईन. त्यासाठी काम लागत नाही.

मामाजी : बरं. डबे ठेवायला माणूस कोण?

भाची : तुम्ही. उद्या सकाळी सहाला. जोडीदाराचा वास शेरू ओळखतो, तुमचा नाही. ठेवायचं आणि विहिरीमागं जाऊन उभं राहायचं. डोकं बाहेर काढायचं नाही.

मामाजी : किती रांगा रिकाम्या ठेवू?

भाची : ते मला सांगायचं नाही नं, मामाजी!

मामाजी : खरंच की. आणि साहेबांसमोरच्या प्रात्यक्षिकाचं काय? पाहुणे येणार आहेत, असं मागं म्हणाली होतीस.

भाची : तिथंही एक रांग रिकामी मागणार आहे. कोणती, ते पाहुण्यांनीच ठरवावं आणि मला सांगू नये.

मामाजी : पाहुण्यांना वाटेल कुत्र्याला काही येत नाही. साहेब नाराज होतील.

भाची : होतील. शेरू शेवटच्या डब्यापर्यंत हुंगत गेला आणि बसला नाही, तर मी सगळ्यांसमोर चेंडू टाकणार. साहेबांनी विचारलं काय सापडलं, तर सांगेन, काही नाही सापडलं, आणि वहीत तसंच लिहून सही घेईन त्यांची.